स्ट्रोपचं घर

आज सकाळी घड्याळं एक तास मागे गेली. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हे होतं, आणि दर वर्षी माझा नवरा निखिल चहा पिताना म्हणतो, "चला, एक तास फुकट मिळाला." मला तो तास नको असतो. त्याच्या बदल्यात संध्याकाळ जाते. आता साडेपाचला बाहेर अंधार पडलेला असेल, आणि समोरच्या रांगेतल्या घरांचे दिवे लागलेले असतील.

आपल्याकडचा शरद म्हणजे कोजागिरीचं चांदणं, आटीव दूध, पावसानंतर निवळलेलं आभाळ. इथे या दिवसांना हेर्फ्स्ट म्हणतात. तो शब्द उच्चारताना घशात पाचोळा अडकल्यासारखं वाटतं. हूफडॉर्पची जमीन ताटासारखी सपाट. वाऱ्याला अडवायला काही नाही, त्यामुळे तो शेतांवरून थेट आमच्या खिडकीपर्यंत येतो. धुक्यात विमानं दिसत नाहीत, नुसता आवाज छपरावरून खाली उतरत जातो. कुजणाऱ्या पानांचा गोडसर वास सायकलच्या चाकांनासुद्धा लागतो. हे सगळं सुंदर आहे असं मी पहिली काही वर्षं पुण्याला फोनवर सांगत असे. फोटोही पाठवत असे.

तीन वर्षांपूर्वीपासून पाठवत नाही.

जुई तेव्हा चौदा वर्षांची होती. ती चार वर्षांची असताना आम्ही इथे आलो. शाळेत डच, मैत्रिणींशी डच, बापाशी इंग्रजी, आणि माझ्याशी आपली मोडकीतोडकी मराठी. त्या सप्टेंबरात एका मंगळवारी ती नेहमीसारखी आठला दप्तर पाठीला लावून निघाली. पाऊण तासाने मी रद्दी टाकायला मागच्या शेडमध्ये गेले, तर ती सायकलशेजारी जमिनीवर बसलेली. दप्तर तसंच पाठीला. एका हाताने पेडल उलटं फिरवत होती, कट्‌ कट्‌ कट्‌.

"काय गं? काय झालं?"

"पाय जात नाहीयेत," ती म्हणाली.

मला वाटलं, दुखतायत. मी खाली बसून तिच्या पोटऱ्या चेपायला लागले. तिने माझे हात बाजूला केले नाहीत, नुसतं बघत राहिली. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली नाही. मग तिच्या खोलीचं दार बंद झालं आणि आठवडे जायला लागले.

कोणी त्रास दिला का? नाही. परीक्षेची भीती? नाही. काही झालं का? नाही. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, आणि तेही भिंतीकडे तोंड करून. हाउसआर्ट्स, म्हणजे आमची फॅमिली डॉक्टर, चांगली बाई. तिने घरी येऊन अर्धा तास दिला, आणि मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की घरातली औषधं कुलपात ठेवा. आमच्या घरात कुलूप लागणारं एकही कपाट नव्हतं. मी सगळ्या गोळ्या एका डब्यात भरल्या आणि डबा माझ्या बॅगेत. पुण्यात मी कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. इथे आठवड्यातून तीन सकाळी एका पाळणाघरात काम करते. तिथे दोन-तीन वर्षांची पोरं माझ्या मांडीवर चढायची आणि खुंटीवरच्या बॅगेत त्या गोळ्या असायच्या. मानसोपचारासाठी नाव यादीत घेतल्याचं पत्र आलं. नंबर कधी लागेल ते त्यात नव्हतं. खेमेंटेतून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, शाळेच्या हजेरीचं बघणारी एक बाई घरी आली. तिने आवाज चढवला नाही, धमकावलं नाही. कॉफी घेतली आणि विचारलं, "तिला स्वतःला काय हवंय?" ते मलाही कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

निखिलने वेळापत्रक केलं. सकाळी दहा मिनिटं चालणं, मग पंधरा, मग वीस. रंगीत चौकोन भरलेला तो कागद फ्रिजवर लावला. पहिल्या दिवशी जुई दारापर्यंत आली, बूट घातले आणि तिथेच बसली. निखिलने बॅग उचलली. तो ऑफिसला निघाला म्हणून मी खिडकीतून पाहिलं, तर गाडी सुरू न करता स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला.

अशा दिवसांत विम आला. विम आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटा राहणारा म्हातारा, सगळं आयुष्य फुलांच्या कंदांच्या गोदामात काम केलेला. त्याच्याकडे एक साप होता. कॉर्न स्नेक म्हणतात, बिनविषारी, नारिंगी-तांबूस, हाताच्या अंगठ्याएवढा जाड. नाव स्ट्रोप. स्ट्रोप म्हणजे इथला काकवीसारखा पाक. रंगावरून ठेवलेलं नाव. उन्हाळ्यात विम आपल्या कॅरॅव्हॅनमध्ये राहायला जायचा तेव्हा जुई त्या सापाला बघायला जायची, पाणी बदलायची. मी कधी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

विम काठी टेकत दारात उभा राहिला. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून जिने चढवत नव्हते. तीन आठवड्यांनी तो म्हाताऱ्यांसाठीच्या फ्लॅटमध्ये जाणार होता. तिथे साप चालत नाही. स्ट्रोपची पेटी भिंतीत बांधलेली होती, ती काढता येणार नव्हती. कोणी घेतलं नाही तर त्याला प्राण्यांच्या निवाऱ्यात द्यावं लागेल. मी "विचारून सांगते" म्हटलं. विचारणार मी कोणालाच नव्हते.

मागे जिन्यावर पाय वाजले. जुई मधल्या पायरीवर उभी होती, तीन दिवस न विंचरलेले केस, निखिलचा जुना टीशर्ट.

"मी घेते त्याला," ती डचमध्ये म्हणाली.

संध्याकाळी निखिलला सांगितलं.

"साप?"

"हो."

"घरात?"

"ती आपणहून खाली आली, निखिल. एक पूर्ण वाक्य बोलली."

त्याने फ्रिजवरचा कागद सरळ केला. मग म्हणाला, "केवढा आहे?"

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगावंच लागलं. "अगं, पोर आजारी आणि तुम्ही घरात जनावर आणताय?" साप हा शब्द त्या तोंडातून काढत नाहीत. "नागपंचमीला पाटावर गंधाने काढतो तेवढा पुरे की. तिला इकडे पाठव. चार दिवस माझ्या हातचं खाईल." मग आवाज खाली आला. "जेवते का गं ती?"

"जेवते," मी म्हटलं.

माझं स्वतःचं काय होतं, ते सांगते. मी आठ वर्षांची असताना आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला होता. मोठी माणसं काठ्या घेऊन धावली. आम्ही पोरं स्कूटरवर चढून बघत होतो. ती धामण होती, कोणाला काही करणारी नव्हती, हे नंतर कळलं. पण ती मेल्यावरही बराच वेळ वळवळत होती, आणि कोणीतरी मला म्हणालं, तूही मार एक दगड. मी मारला. इतक्या वर्षांनीही मला कंबरपट्टा जमिनीवर पडलेला दिसला तरी पाय मागे येतो.

आणि आता मी त्याच्यासाठी घर बांधणार होते.

जुईने आलेखाच्या कागदावर चित्र काढलं. लांबी एकशेवीस सेंटिमीटर, खोली साठ, उंची साठ. पुढे दोन काचा, एकमेकींवरून सरकणाऱ्या. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर हवेची जाळी. आत तापमापकाला जोडलेला दिवा, दिव्याभोवती तारेचा पिंजरा, म्हणजे साप भाजणार नाही. आकडे अगदी सुबक, शाळेच्या वहीतल्यासारखे. तो कागद हातात घेतल्यावर मला रडू आलं म्हणून मी फ्रिज उघडून उगाच आत बघत राहिले.

फळ्या आणायला जुई येणार नव्हती. मी एकटी सायकलवर बांधकामाच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाला माझ्या डचमध्ये म्हटलं, मला सापासाठी फळ्या हव्यात. साप म्हणजे डचमध्ये 'स्लांग'. त्याने मान डोलावली आणि मला बागेला पाणी घालायच्या नळ्यांपुढे नेऊन उभं केलं. नळीलाही स्लांगच म्हणतात. तो विचारतोय, किती मीटर? मी म्हणतेय, एक मीटर वीस. तो म्हणतोय, एवढी आखूड? शेवटी मी हाताने फणा काढून दाखवला. तो मोठ्यांदा हसला, आणि मग सगळ्या फळ्या यंत्रावर अचूक कापून दिल्या.

जेवताना हे सांगितलं तेव्हा जुई हसली असं मी म्हणणार नाही. तिचा वरचा ओठ हलला. पण निखिलने आणि मी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू घरात कोणाचा जन्म झाला.

पुढचे दोन आठवडे आमच्या बैठकीच्या खोलीत लाकडाचा भुसा होता. निखिल ऑफिसात, म्हणून ड्रिल माझ्या हातात. माझी पहिली चार भोकं वाकडी गेली. विम रोज दुपारी येऊन खुर्चीत बसायचा आणि काठीने दाखवायचा, इथे, नाही, इथे. "एक बाजू गरम, एक थंड," तो सांगायचा. "सापाचं अंग आपणहून गरम होत नाही. त्याला कुठे जायचं ते निवडता आलं पाहिजे. नाहीतर तो आजारी पडतो, आणि लवकर कळतही नाही." जुई फळी धरायची, मी स्क्रू पिळायचे. वीस मिनिटांनी तिची शक्ती संपायची आणि ती तिथेच भुशात आडवी व्हायची, छताकडे बघत. मी न थांबता काम करत राहायचे, कारण थांबले तर ती वर जाईल अशी भीती. मी तिची वाक्यं मोजायचे. एके दिवशी एकवीस झाली. "आई, ही कड घासायला हवी" हेही मी धरलं होतं.

सांध्यांमध्ये सिलिकॉन भरलं. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत प्राणी आत सोडायचा नाही. विमला जायला चार दिवस उरलेले, बाहेर पाऊस, आणि मी खिडक्या उघड्या टाकून थंडीत कुडकुडत दर तासाला पेटीत डोकं घालून वास घेतेय. आता आठवलं की वाटतं, केवढा विश्वास ठेवला होता मी त्या पेटीवर! डॉक्टर, शाळा, पत्रं, नवस, आईने पाठवलेला अंगारा, सगळ्यांवरचा उडालेला विश्वास मी गोळा करून त्या सहा फळ्यांमध्ये भरला होता.

शनिवारी स्ट्रोप आला. जुईने त्याला विमकडून मनगटावर गुंडाळून आणलं, आणि तो तिच्या बाहीत तोंड खुपसून बसला होता. आमच्या फ्रीझरमध्ये खवलेला नारळ आणि मटार यांच्या शेजारी गोठवलेल्या उंदरांचा डबा आला. जुईने त्यावर तीन भाषांत लिहिलं, 'उघडू नये'. पहिल्यांदा ती कोमट पाण्यात उंदीर वितळवत होती तेव्हा मी बागेत जाऊन उभी राहिले. आमच्या सात पिढ्यांत अंडंसुद्धा कोणी खाल्लेलं नाही.

दोन आठवडे चांगले गेले. जुई रोज सकाळी उठून खाली यायची, तापमान वहीत लिहायची, आणि पेटीसमोर जमिनीवर बसून पोहे खायची. एकदा म्हणाली, "आई, बघ ना, तो जीभ बाहेर काढतो तेव्हा तुझा वास घेतो." मी खुर्चीतून मान पुढे केली. तेवढंच मला जमलं. आणि मग मी हावरटासारखी वागले. सगळं इतकं छान चाललंय असं वाटून विचारलं, "पुढच्या आठवड्यात एक तास शाळेत जाऊन बघायचं का?" तिने चमचा ठेवला आणि वर गेली. दोन दिवस खाली आली नाही, फक्त स्ट्रोपचं पाणी बदलण्यापुरती.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहिलं, तर पेटीतला दिवा बंद. आतला आकडा खाली उतरत चाललेला. जुई वर झोपली होती. रात्रभर जागी असल्याचं मला माहीत होतं. उठवावंसं वाटेना. नवीन दिवा खणात होता. मी काचेच्या फटीतलं छोटं कुलूप काढलं, काच सरकवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पेटीत हात घातला. स्ट्रोप लाकडाच्या सालीखाली होता, त्याचं एक वेटोळं तेवढं दिसत होतं. दिवा बसवेपर्यंत माझा ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता. साल जरा हलल्यासारखी वाटली. मी हात बाहेर ओढला, मागे सरकले, आणि काच हाताने लावण्याऐवजी स्वयंपाकघरातून उलथनं आणून दुरूनच ढकलली. लागली असं वाटलं. कुलूप पेटीवरच राहिलं.

दोन तासांनी जुईच्या ओरडण्याने मी धावले. काच तीन बोटं उघडी होती.

"मी लॉक लावलं नाही," ती म्हणाली. तिचं तोंड पांढरंफटक. "सकाळी पाणी बदललं ना, तेव्हा. मी विसरले. आई, मी विसरले."

मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते. तिने माझा हात धरला, इतक्या आठवड्यांनी आपणहून धरला, आणि मी तोंड मिटलं. आधी साप सापडू दे, मग सांगू, असं मी स्वतःला म्हटलं. खरं कारण तो हात होता.

पाच दिवस शोधलं. फ्रिज पुढे ओढला, वॉशिंग मशीन हलवलं, माळ्यावरच्या बॉयलरमागे टॉर्च मारला. विमने फोनवर सांगितलं म्हणून जुईने सगळ्या भिंतींच्या कडेने पीठ भुरभुरलं, साप गेला तर रेघ उमटेल. पुण्याहून आणलेलं ज्वारीचं पीठ. रोज सकाळी ती गुडघ्यांवर रांगत ते तपासायची. रेघ नव्हती. बाहेर पारा शून्याकडे चाललेला. तिने खाणं सोडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एक साप सांभाळता आला नाही मला." मी म्हटलं, "असं होतं गं." असं होतं गं! माझ्या तोंडून हे शब्द निघाले.

पाचव्या दिवशी दुपारी ती जमिनीवर बसून होती, पिठाने माखलेले हात मांडीवर. अगदी शांतपणे, कोणाला उद्देशून नाही असं म्हणाली, "मी नसतेच, तर तो विमकडे नीट असता."

मी नसतेच. माझी बॅग खुर्चीला लटकलेली होती, त्यातला गोळ्यांचा डबा मला कातड्याआडून दिसला.

"जुई, तू लॉक लावलं होतंस," मी म्हटलं. "मी काढलं. दिवा गेला होता, मी बदलला. मी घाबरले आणि काच नीट लावली नाही. तू काही केलेलं नाहीस. मी केलं."

तिला कळायला वेळ लागला. मग ती उभी राहिली. तिला इतकं उंच मी पाहिलंच नव्हतं.

"पाच दिवस," ती म्हणाली. मग डचमध्ये ओरडली, काय ते मला अर्धंच कळलं, मग पुन्हा मराठीत, "पाच दिवस तू मला बघत होतीस! मी रांगत होते आणि तू बघत होतीस!" तिने पिठाचा डबा भिंतीवर फेकला. खोलीभर पांढरा धुरळा उडाला. त्या धुरळ्यातून ती दाराकडे गेली, आणि दार उघडून बाहेर.

मी तिचा कोट घेऊन धावले. ती शेजारच्या दारात उभी राहून घंटी दाबत होती. पायात नुसते मोजे. स्ट्रोपला आणलं ते सोडून नऊ आठवड्यांत तिने उंबरा ओलांडला नव्हता. दार उघडलं, आणि ती स्वच्छ डचमध्ये सांगायला लागली: नारिंगी रंगाचा, एक मीटर वीस, अजिबात चावत नाही, कृपा करून तुमच्या वॉशिंग मशीनमागे बघाल का? मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. मी कोट पुढे केला तर वळून म्हणाली, "जवळ येऊ नकोस." म्हणून मी दहा पावलं मागे, हातात कोट आणि बूट घेऊन, आख्खी रांग तिच्यामागे चालले. एका बाईने मला हळूच विचारलं, ही मुलगी बरी आहे ना? मी बूट दुसऱ्या हातात घेतले आणि पुढे चालले.

आठव्या दिवशी पहिलं दव गोठलं. सकाळी मी बागेतला पाचोळा झाडत होते. कुंपणाच्या कोपऱ्यात पानांचा ढीग साठला होता, नारिंगी, तांबूस, तपकिरी, कडांना पांढरं बर्फ. खराट्याने ओढला, आणि त्यातली काही पानं सुटी झाली नाहीत. एकत्रच ओढली गेली. भिंतीतल्या पाइपाच्या भोकातून तो बाहेर आला असणार. पानांत ऊब शोधायला शिरला असणार.

मी तिथे ओल्या फरशीवर बसले. आणि जे मनात आलं ते लिहिते. मला वाटलं, पुरून टाकावं. कोणाला कळणार आहे? कोणाच्या तरी माळ्यावर तो ऊब धरून आहे, उन्हाळ्यात दिसेल, असं तिला वाटत राहू दे. ती रोज घंट्या वाजवत बाहेर तरी पडेल. आईचं मन किती झटकन हिशेब मांडतं. मी खराटा ठेवला आणि जिना चढले.

"जुई, स्ट्रोप सापडला. मेलाय."

ती खाली आली. तिने त्याला उचललं आणि स्वेटरच्या आत, पोटाशी धरलं. थंडीने साप मेल्यासारखे दिसतात आणि कधीकधी ऊब मिळाली की हलतात, हे तिला विमने सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या पायरीवर ती तासभर तशी बसली. उपयोग नाही हे मला दिसत होतं. मी तिला ते म्हटलं नाही आणि 'हलेल हं' असंही म्हटलं नाही. तासाने तिचे खांदे हलायला लागले. या सगळ्या काळात ती एकदाही रडली नव्हती. आता रडली, मोठ्याने, लहान असताना रडायची तशी, नाक वाहत.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"सापाची?"

"तुझी. तू माझ्याशी बोलणं बंद करशील याची."

तिने मला माफ केलं असं नाही. पायरीवर ती जराशी सरकली. माझ्यापुरती जागा झाली.

विमला तिनेच फोन केला. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "अगं, त्याचं वय झालं होतं." फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सात वर्षांचा होता. हे वय नसतं. विम खोटं बोलला, मला बरं वाटावं म्हणून." मी मान खाली घातली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं का, असं मला पुण्यात सगळे विचारतात. नाही झालं. डिसेंबर त्याहून वाईट होता. पेटी रिकामी, दिवा बंद, आणि कोणी ती हलवायचं नाव काढत नव्हतं. उपचारांचा नंबर फेब्रुवारीत लागला. शाळा तिने बदलली, आता लहान वर्गांच्या शाळेत जाते. काही आठवडे जाते, काही जात नाही. आज ती सतरा वर्षांची आहे, आणि मी घड्याळ मागे करताना वरच्या मजल्यावरचे आवाज ऐकत होते, उठली की नाही. गोळ्यांचा डबा अजून माझ्या बॅगेत असतो.

पण जानेवारीच्या शेवटचा तो एक दिवस सांगायचा राहिला. जुईने आपणहून जाहिरात टाकली: सापाची पेटी, चांगल्या घरी द्यायची आहे. हार्लेमहून एका बाईचं उत्तर आलं, तिच्या दहा वर्षांच्या मुलीला साप मिळणार होता. निखिलने आसनं आडवी करून पेटी गाडीत भरली. तिसऱ्याला जागा उरली नाही, आणि पेटी उतरवून तो तसाच ऑफिसला जाणार होता. "जोडणार कोण?" जुई म्हणाली. "मीच जाते." म्हणून आम्ही दोघी दुपारी बसने गेलो.

त्या घरात ती पाऊण तास बोलली. वायर कुठून घ्यायची, गरम बाजू कुठली, थंड कुठली. त्या छोट्या मुलीला शेजारी बसवून तिने काच आणि कुलूप तीनदा लावून दाखवलं, तीनदा तिच्याकडून लावून घेतलं. वाकडी गेलेली माझी भोकं बघून त्या बाईने विचारलं, हे कोणी बांधलं? "माझ्या आईने," जुई म्हणाली. "तिला सापांची खूप भीती वाटते." त्यात ना कौतुक होतं ना टोमणा. जे होतं ते तिने सांगितलं.

परत यायला स्टेशनजवळच्या बसथांब्यावर आलो तेव्हा तिचं सगळं संपलं होतं. बाकावर बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं. संध्याकाळची गर्दी, ओले कोट, सायकलींच्या घंट्या. "मला नाही जमत आहे, आई," ती म्हणाली. "इतकी माणसं आहेत. मला नाही जमणार." बस आली, दार उघडलं, माणसं चढली, बस गेली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. निखिलला बोलवावं का, टॅक्सी मिळेल का, असं डोक्यात चाललेलं. दुसरी बस गेली. पाऊस लागला. तिसरी बस आली, ड्रायव्हरने आमच्याकडे बघून थोडं थांबून पाहिलं, मी मान हलवली, तीही गेली.

चौथी आली. दार उघडलं. जुई उठली.

"चल," ती म्हणाली, आणि मी पर्स सावरून उभी राहीपर्यंत ती वर चढलीही होती.